नागनाथ सरांचे भोवरे

हे मी घरीसुद्धा सांगितलेलं नाही: नागनाथ सरांचा कॉम्प्युटर माझ्या गिरणीमुळं बंद पडतो. मी मोटर चालू केली की शेजारी त्यांच्याकडं व्होल्टेज पडतं. शिव्या मात्र लाइनमन खातो.

सर विज्ञानाचे निवृत्त मास्तर. आमच्या युसूफ वडगावात वावटळ दिसली की लोक भूत म्हणून थुंकतात. सर थुंकणाऱ्याच्या अंगावर धावून जातात. "भूत तुझ्या डोक्यात हाय बे! ती हवा हाय, हवा!" स्वतःच्या व्याह्यांनाही त्यांनी हे भर मांडवात ऐकवलं.

घरी ते कॉम्प्युटरवर हवेचे दोन भोवरे सोडतात आणि ते एकमेकांना कसे ओढतात, कसे ढकलतात ते गणितानं बघतात. एक हिशोब तडीस जायला अख्खा दिवस लागतो. संध्याकाळी दळणाची गर्दी होते, माझी मोटर घरघरते, पडदा काळा होतो आणि सर रस्त्यावर.

"परळीच्या वीजकेंद्राचं धुराडं आमच्या उरावर, अन् वीज कुठं गेली बे?"

"सर, बॅटरी घ्या की एखादी," लाइनमन म्हणतो.

"मी कावून घिऊ? वीज देणं तुमचं काम हाय!"

मी पिठाच्या धुरळ्याआड दळण ओतत राहतो. तोंड उघडलं तर संध्याकाळचं दळण बंद ठेवावं लागेल, आणि गिऱ्हाईक पलीकडच्या गिरणीवर जाईल. एवढीच माझी हिंमत. चीड येते ती स्वतःचीच.

परवा संध्याकाळी त्यांचं पीठ द्यायला गेलो. पडद्यावर दोन भोवरे जोडीनं सरळ चालले होते.

"हे भांडत न्हाईत का, सर?"

"एक असा फिरतो, दुसरा त्याच्या उलटा. म्हणून तर एकमेकाला पुढं नेत्यात, अप्पा." त्यांनी एक भोवरा पुसून टाकला. उरलेला जागच्या जागी गरगरत राहिला. सर त्याच्याकडं बघतच राहिले. "तुमची वहिनी माझ्या प्रत्येक शब्दाला उलट बोलायची. मी लई चिडायचो."

वहिनींना जाऊन वर्ष होत आलंय.

त्यांनी पुसलेला भोवरा परत आणला, हिशोब पहिल्यापासून लावला. "बसा की. आज रात्र जागून शेवटपर्यंत बघू."

"गिऱ्हाईक थांबलंय," म्हणालो. गेलो, आणि मोटर चालू केली.

पडदा काळा झालाच असणार, पण रस्त्यावर कुणी ओरडलं नाही. बराच वेळ कान देऊन उभा होतो.

एक अख्खा दिवस गिरणी बंद ठेवून त्यांच्याजवळ बसायचं, आणि खरं काय ते सांगायचं, एवढं मी सरांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.