मायाक्कांच्या खुर्चीची केळीच्या रानावर स्वारी

श्री. उजनीच्या फुगवट्याचे पाणी साक्ष ठेवून सकळ वाचणारांस विदित व्हावे की, धरणाकाठी मायाक्का नामें खाशी बाई, वय साठीपार, दीड एकर केळीची धनीण. रोज रानी जाणे आणि पंपाच्या पेटीचे हिरवे बटण स्वहस्ते दाबणे, हा त्यांचा शिरस्ता. दोन वर्षांमागे ट्रॉलीवरून पडून पाय गेले, आणि मग पुतणे शिवशरण, जळक्या पंपमोटारींत नवी तार भरून देणारे नामांकित कारागीर, यांनी पंपास ऑटो बसविला. ऑटो म्हणजे गेलेली लाईट आली की माणसावाचून मोटार सुरू करणारी पेटी. काकींस तसदी न पडावी, ऐसी मसलत. त्या दिवसापासून काकी बोलेनाशा जाहल्या, आणि शिवशरणांस वाटले, आराम पडला.

मग एके दिवशी मायाक्कांचे फर्मान सुटले की, आम्हांस रानात जाणे आहे. कोणी पोत्यासारखे उचलून नेऊ नये. नेल्यास अन्न वर्ज्य.

शिवशरण तडक सोलापुरास गेले. तेथे नारायणराव म्हणून निवृत्त कारकून, त्यांच्या मातोश्रींच्या पश्चात विजेची खुर्ची पडून होती, ती मागून आणिली. खुर्चीचा दिमाख थोर, परंतु जात फरशीची. अंगणाच्या काळ्या मातीत पुढली चिमुकली चाके आसापर्यंत रुतली, आणि वजन ऐसे की पिकअपमधून उतरविता एका गड्याची कंबर कामी आली.

मग सोळा दिवस कारखाना चालला. पुढे हातगाड्याची रुंद चाके घातली, आणि मागे स्कूटरची घातली, आणि शिशाच्या अवजड बॅटऱ्या काढून हलकी बॅटरी बसविली, आणि सांगाडा कापून खिट्या मारल्या, जेणेकरून बैठक, गाडा आणि बॅटरी ऐसे तीन भाग सुटून पिकअपमध्ये मावावेत. जोडणीअंती चार बोल्ट उरले. ते जादा आहेत, ऐसा निवाडा देऊन शिवशरणांनी खिशात टाकिले. दुसरे दिवशी खुर्चीची पाठ निखळली, तेव्हा निवाडा फिरविणे भाग पडले.

आणि येथे घात जाहला. शिवशरणांचा हात सवयीचा गुलाम. मोटार दिसली की ऑटो बसवावा. खुर्चीसही बसविला. भर दुपारी खुर्ची चार्जिंगला लावलेली, लाईट गेलेली, बैठक रिकामी. लाईट आली, आणि खुर्ची स्वाराविना स्वारीस निघाली. वायर तोडून, कोंबड्यांची फौज उधळून, शिवशरणांचे कुटुंब रेश्माबाई यांनी वाळत घातलेल्या पापडांच्या बाजेस शिकस्त देऊन ती उकिरड्यात छातीइतकी घुसली आणि तेथे मुक्काम केला. रेश्माबाईंनी पापडांचा चुरा सुपात भरून शिवशरणांपुढे ठेविला. ओट्यावरून मायाक्का बोलल्या, "व्हय रं शिवू, मानूस नसलं तरी चाललं पायजे, असंच करतूस बग तू समदं."

हे बोलणे खुर्चीचे नव्हे, काकींवाचून सारे चालविण्याच्या आपल्या खोडीचे, इतके कळण्यास शिवशरणांस खुर्ची धुऊन होईतो वेळ लागला. फार शरमिंदे जाहले. खुर्चीचा ऑटो त्याच बैठकीत काढिला.

मग सुमुहूर्ते कूच जाहले. मायाक्का फळी टाकून खुर्चीवरून पिकअपच्या सीटवर आपल्या हातांच्या बळे सरकल्या. पाव तास लागला, कोणी बोट लाविले नाही. बांधाशी तीन भाग जोडले. उतारावर चाक चरात जागीच फिरू लागले, आणि शिवशरण कुमकेस धावले, तो हुकूम जाहला की हात लावू नये. मायाक्का खुर्चीची दांडी पुढे करीत, मागे करीत, अंगावर चिखल घेत चर ओलांडून पंपाच्या पेटीशी दाखल जाहल्या. हिरव्या बटणाकडे हात नेला, आणि नेमकी त्या क्षणी लाईट आली, आणि ऑटोने पंप आपोआप सुरू केला.

मायाक्कांचा हात तसाच वर राहिला.

पंपाच्या पेटीसही आपणच ऑटो बसविला होता, याचे स्मरण थोर कारागिरास आता जाहले. हुकमाची वाट न पाहता शिवशरणांनी मेन स्विच पाडला, पेटी उघडली, ऑटो उपसून काढिला, तारा जोडून स्विच चढविला. पंप गप्प.

"दाबा, काकी."

मायाक्कांनी दाबले. पाइपाने आधी हवा ओकली, मग पाणी. मायाक्का रडल्या. शिवशरणही रडले. मोहिमेत वीरांनी रडू नये, परंतु येथे खोटे लिहवत नाही.

ऐसी फत्ते जाहली. तहाचे कलम एकच: पंप मायाक्का सुरू करतील, तेव्हाच सुरू होईल. त्या रोज रानी जातात; शिवशरण मागून पायी जातात, हात पाठीशी बांधून, कारण ढकलण्याचा हुकूम नाही. दोन्ही ऑटो घरी खुंटीस टांगले आहेत. लिहिणार खुद्द शिवशरण. शेजारी रेश्माबाई उभ्या, सबब उकिरड्याचा मजकूर गाळता आला नाही.