आप्पांच्या हातचं दही

आमच्या कॅम्पग्राउंडमधून दही चाटल्याशिवाय कुणालाही बाहेर पडता येत नसे. दाताच्या डॉक्टरकडे जायचं असो, गॅसची टाकी भरून आणायची असो, की हिवाळा संपवून डोंगरांपलीकडच्या आपल्या शेतावर परत जायचं असो, फाटकाच्या अलीकडे रंगराव आप्पा उभे असायचे. एका हातात स्टीलचं पातेलं, दुसऱ्या हातात चमचा. गाडी थांबवायची, काच खाली करायची, उजवा तळहात बाहेर काढायचा. त्यावर चमचाभर दही, वर चिमूटभर साखर. चाटून झालं की आप्पा गाडीच्या टपावर दोन थापा मारत आणि ओरडत, "टिंग टिंग! जाऊ द्या!"

हे सगळं कॅनडात चालायचं, व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावर. आणि तळहात पुढे करणारे बहुतेक लोक डोंगरांपलीकडच्या सस्कॅचवान प्रांतातले निवृत्त शेतकरी होते.

कॅनडाचा बाकीचा भाग गोठतो तेव्हा या किनाऱ्यावर नुसता पाऊस पडतो. म्हणून तिकडची म्हातारी माणसं ऑक्टोबरमध्ये आपापले ट्रेलर गाडीला जोडून इथं येतात आणि मार्चअखेर परत जातात. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर. पलंग, शेगडी, वॉशरूम, सगळं आत. तो उभा करायची भाड्याची जागा म्हणजे कॅम्पग्राउंड. माझं काम लॅपटॉपवरचं. कंपनी व्हँकुव्हर शहराजवळच्या सरेमध्ये आहे, पण लॅपटॉपला समुद्रही चालतो. तेव्हा वैशालीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या हौसेखातर आम्हीही एक जुना ट्रेलर घेतला. वडिलांना फोनवर सांगितलं, की आम्ही हिवाळाभर चाकांवरच्या घरात राहणार आहोत. ते म्हणाले, "आपल्या घरातला पहिला पदवीधर तू. एवढं शिकून शेवटी पालात राहायला लागला का रे?"

आम्ही पोचलो त्या दिवशी मी पावसात ट्रेलर मागे घेत होतो. मला ते जमत नव्हतं, आजही जमत नाही. इतक्यात मागून खणखणीत आवाज आला, "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... बास!"

मी ब्रेक दाबला आणि मग दचकलो. कॅनडाच्या समुद्रकाठी मला मराठीत मागे कोण घेतंय? आरशात पाहिलं तर माकडटोपी, खाकी पँट आणि काळी छत्री घेतलेले एक म्हातारे गृहस्थ. खिडकीशी येऊन त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं, "कुठल्या डेपोचं पाव्हणं तुमी?"

मी तालुक्याचं नाव सांगितलं.

"मग आमच्याच गाडीनं कालेजात गेला असशीला," ते समाधानानं म्हणाले.

रंगराव जगदाळे आयुष्यभर लाल डब्याचे ड्रायव्हर होते. मी त्यांच्या गाडीनं कधी गेलो होतो की नाही, देव जाणे. पण मी सांगलीला शिकायला होतो तेव्हा माझा जेवणाचा डबा गावाकडून रोज सकाळच्या गाडीनं यायचा. आई तो फडक्यात बांधून ड्रायव्हरच्या हाती द्यायची आणि मी स्टँडवर उभा राहून घ्यायचो. भाकरी अजून मऊ असायची. त्या ड्रायव्हरांची तोंडं मी कधी नीट पाहिली नाहीत, माझं लक्ष डब्याकडे. त्यामुळे आप्पांच्या समोर मी पहिल्या दिवसापासूनच जरा वाकून होतो.

आप्पांनी निवृत्ती घेतली होती, ड्युटी सोडली नव्हती. कॅम्पग्राउंड म्हणजे डेपो. ऑफिसात बसणारी मॅनेजर म्हणजे कंट्रोलरबाई. त्यांच्या ट्रेलरच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती, 'विनंती थांबा'. आत छताला दोरी बांधून तिला घंटी लावलेली. चहा झाला की एकदा ओढायचे, पाहुणा निघाला की दोनदा. समुद्रावर त्यांचा विशेष जीव होता, पण तो पाण्यासाठी नव्हे. "भरती टायमावर, व्हटी टायमावर," ते म्हणत. "असा ड्रायव्हर आमच्या डेपोत एक बी नव्हता. मला धरून."

ट्रेलर त्यांच्या लेकीचा, शारदाचा. तिनं आणि जावयानं तो मोठ्या हौसेनं घेतला होता आणि दोनदा वापरला होता. आप्पांची बायको गेल्यावर शारदानं त्यांना कायमचं सरेला आणलं, सतराव्या मजल्यावर. आप्पांना तिथे करमेना. "लिफ्टमदी धा मानसं असत्यात आनि धाच्या धा आकड्याकडं बगत्यात. कुनी कुनाला कुटं चाल्लाय म्हून इचारत न्हाई." मग एकदा ऑक्टोबरात तिनं त्यांना शनिवार-रविवार इथं समुद्रावर आणलं. रविवारी संध्याकाळी निघायची वेळ झाली तर आप्पा ट्रेलरच्या पायरीवर बसून राहिले. "मी मुक्कामी," म्हणाले. इतर मराठी आईवडील थंडी लागली की पुण्याचं तिकीट काढतात. आमचे आप्पा थंडी लागली की ट्रेलरात येऊन राहायचे आणि उन्हाळ्यात सतराव्या मजल्यावर दिवस मोजायचे.

राहता राहिलं दही. या हवेत दही लावणं सोपं नाही. वैशालीनं दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा सकाळी दूधच मिळालं, तेही नाराज झालेलं. आप्पांचं दही मात्र सुरीनं कापावं असं लागायचं. संध्याकाळी कोमट दुधात विरजण घालून ते पातेलं आपल्या जुन्या खाकी सदऱ्यात गुंडाळत, सदऱ्याच्या बाह्यांची गाठ मारत आणि हीटरच्या झरोक्याजवळच्या कपाटात ठेवून देत. "दही काय आनि मानूस काय," ते म्हणत, "जरा ऊब दिली की लागतंय." वैशालीनं एकदा दुकानातलं दही आणलं तेव्हा त्यांनी डबा हातात घेऊन चारी बाजूंनी पाहिला आणि परत दिला. "ह्ये दही न्हवं पोरी. ह्ये दह्याचं पोस्टर."

पहिलं दही मिळालं ते शेजारच्या ग्लेनला. ग्लेन सहा फुटी, तांबूस, सस्कॅचवानात त्याची नजर पोचणार नाही एवढी शेती. एवढी जमीन आहे म्हणजे पाटीलच, असं ठरवून आप्पा त्याला 'ग्लेन पाटील' म्हणत, आणि त्याची बायको डोरीन अर्थातच 'पाटलीणबाई'. तर ग्लेन पाटील एका सकाळी गावात निघाला असता आप्पांनी त्याला अडवलं आणि तळहातावर दही घातलं. ग्लेननं ते पाहिलं, आप्पांकडे पाहिलं आणि "थँक यू" म्हणून दोन्ही हातांना मलमासारखं चोळलं. वर म्हणाला, "माय हँड्स आर व्हेरी ड्राय."

"आरं खा म्हनावं त्याला!" आप्पा माझ्यावर ओरडले. "इंजिनेर, सांग की त्येला!"

मी सांगितलं. आमच्याकडे घरातून निघणाऱ्याच्या हातावर दही देतात. माणूस सुखरूप पोचतो आणि सुखरूप परत येतो. ग्लेननं आपल्या चकचकीत हातांकडे जरा काळजीनं पाहिलं. "म्हणजे आता फक्त माझे हात परत येणार का?" त्यानं विचारलं.

आप्पांना मी हे मराठीत सांगितलं तेव्हा ते इतके हसले की पातेलं सांडता सांडता राहिलं. ग्लेनला दुसरा चमचा मिळाला. तो त्यानं नीट चाटला. फाटकातून बाहेर पडताना त्यानं मागे वळून हात हलवला, तर आप्पा पुन्हा कडाडले. "मागं बगायचं न्हाई! ज्याला परत यायचं हाय त्यानं मागं कशाला बगायचं?"

महिन्याभरात सगळं कॅम्पग्राउंड दह्याला लागलं. लोक मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दही चाटून जात. एका बाईंनी आपल्या कुत्र्यालाही रांगेत आणलं, आणि आप्पांनी त्याला पंजा पुढे करायला शिकवलं.

आप्पा स्वतः मात्र कधी दही घेत नसत. एकदा ते डॉक्टरकडे निघाले होते. वैशालीनं त्यांच्याच पातेल्यातलं दही चमच्यात घेतलं आणि म्हणाली, "आप्पा, हात करा." त्यांनी हात मागे घेतला. "आपल्याच हातचं दही आपल्याला चालत न्हाई, पोरी. दुसऱ्याच्या घरचं लागतंय." आणि दुसऱ्या कुणाच्या घरी दही लागत नव्हतं.

त्याच आठवड्यात एका पावसाळी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. छपरावर पाऊस वाजत होता. मी सहज विचारलं, "आप्पा, हे दह्याचं तुमच्या आईकडून आलं का?"

"हिच्याकडनं," ते म्हणाले. बायकोचं नाव ते घेत नसत. "मुक्कामाची ड्युटी असली की उंबऱ्यात हुबी. दही खाल्ल्याबिगर जाऊ द्याची न्हाई. मी चिडायचो. म्हनायचो, आगं गाडीत पन्नास पॅशिंजर खोळंबल्यात. ही म्हनायची, मंग त्यांच्याबी वाटचं खावा. घाट म्हनू नका, पाऊस म्हनू नका, एक दिवस गाडीला खरचटलं न्हाई माज्या."

त्यांनी कप खाली ठेवला.

"तिला दवाखान्यात न्हेली तवा लय गडबड झाली. शेजारची पोरं आली, जीप आली, कागद शोधा, पैसं घ्या. मी घरातच हुतो की. दही फडताळात हुतं. तिनंच लावल्यालं."

मग उठून त्यांनी दोरी एकदा ओढली. चहा संपला, असा त्याचा अर्थ. मीही उठलो.

आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, आप्पा ट्रेलरच्या ओल्या पायरीवरून घसरले. हाड मोडलं नाही, पण चार दिवस त्यांना उठता येईना. आम्ही सगळ्यांनी पाळ्या लावून त्यांचं केलं. शारदा पहिल्या फेरीबोटीनं धावत आली आणि बापाचा काळानिळा पाय बघून रडली. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझे वडील असते तर मीही तेच केलं असतं. तिनं ठरवलं, की हा शेवटचा हिवाळा. मार्चअखेर ट्रेलर विकायचा. गिऱ्हाईकही मिळालं.

"आप्पा, तुम्ही काही बोलला नाहीत?" मी विचारलं.

"डेपोतनं ऑर्डर आली की ड्रायवरनं वाद घालायचा नसतो," ते म्हणाले. पण त्या दिवसापासून ते ओहोटीला समुद्रावर जायचे आणि भरतीचं पाणी पायाशी येईपर्यंत तिथेच उभे राहायचे.

निघायचा दिवस आला. दरवर्षी आप्पा सगळ्यांना वाटेला लावून शेवटी निघत, या वेळी फेरीबोटीच्या वेळेमुळे त्यांनाच आधी जावं लागणार होतं. मी 'विनंती थांबा' पाटीचे स्क्रू काढून दिले. घंटी त्यांनी स्वतः सोडवली. मग पातेलं घेऊन ते नेहमीसारखे फाटकाशी न थांबता प्रत्येक ट्रेलरच्या दारात गेले आणि कोण कधी निघणार याची पर्वा न करता सगळ्यांना आगाऊ दही दिलं. आम्हालाही. पातेलं रिकामं झालं. त्यांनी ते आमच्या नळाखाली घासलं, पुसलं आणि खाकी सदऱ्यात गुंडाळून शारदाच्या गाडीत ठेवलं.

"विरजण नाही ठेवलंत?" वैशालीनं विचारलं.

"सतराव्या मजल्यावरनं कोन कुटं जातंय?" ते म्हणाले.

ते गाडीत बसले, पट्टा लावला. शारदानं गाडी सुरू केली. इतक्यात डोरीन ट्रेलरमधून पळत आली. या वयात तिला पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मागून ग्लेन. डोरीनच्या हातात दुकानातला प्लॅस्टिकचा डबा आणि जेवणाचा मोठा चमचा. तिनं काचेवर टकटक केलं. आप्पांनी काच खाली केली.

"हँड, आप्पा," ती म्हणाली.

तिनं चमचा भरला. दही गुलाबी होतं. स्ट्रॉबेरीचं. मध्ये फळाचे लालसर तुकडे. दह्यात साखर घालतात एवढं तिला माहीत होतं, म्हणून तिनं आधीच गोड असलेलं शोधून आणलं होतं.

"आँटी, ही डझन्ट..." शारदा म्हणायला लागली. आप्पांनी डाव्या हातानं तिला गप्प केलं.

ज्या माणसानं एवढ्या तळहातांवर दही घातलं, त्याचा स्वतःचा तळहात मी प्रथमच नीट पाहिला. स्टिअरिंगनं गुळगुळीत झालेला, रेषा पुसट. त्यावर गुलाबी दह्याचा मोठा गोळा पडला. आप्पांनी डोळे मिटले आणि तो सगळा चाटला, फळाच्या तुकड्यांसकट.

"यू कम बॅक," डोरीन म्हणाली. ती विचारत नव्हती, सांगत होती.

आप्पा माझ्याकडे वळले. "पाटलीणबाईला सांग इंजिनेर," ते म्हणाले, "दही चांगलं लागलंय म्हनून."

मी सांगितलं. ग्लेन गाडीच्या मागे गेला आणि त्यानं आपल्या भल्या मोठ्या हातानं टपावर दोन थापा मारल्या. "टिंग टिंग," तो म्हणाला. "जाव द्या."

गाडी फाटकातून बाहेर पडली, समुद्राच्या कडेनं वळली. आम्ही सगळे हात हलवत उभे होतो. आप्पांची काच अजून खालीच होती, माकडटोपी दिसत होती. वळण येईपर्यंत ती टोपी सरळ रस्त्याकडेच होती.

त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही.