चष्मेवाल्याची कोबी

ओव्हन या विषयावर मला कुणी चार शब्द शिकवायला येऊ नये! बावीस वर्षं मी पावडर कोटिंगच्या कारखान्यात आहे. लोखंडी कपाटं, पंख्यांच्या जाळ्या, सायकलींचे सांगाडे, जे येईल ते हुकाला टांगायचं, त्यावर रंगाची पावडर मारायची आणि खोलीएवढ्या ओव्हनमध्ये दोनशे डिग्रीला भाजून काढायचं. माझ्या हाताखालून गेलेल्या कपाटाचा रंग उडाला अशी तक्रार अजून आलेली नाही. अशा माणसाला मुठीत मावेल एवढी कोबी भाजता येणार नाही, असं कुणाला वाटेल? मला तरी वाटलं नव्हतं.

मुळात त्या कोबीशी माझं काही वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते साडूशी. माझ्या मेहुणीचं लग्न होऊन सहा महिने झाले. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. बोलणं हळू, चालणं हळू, आणि मला दर वाक्याला 'दादा' म्हणतो. असल्या माणसाचा राग करायलासुद्धा काही सापडत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

त्याच्या आधी अकरा वर्षं आमच्या कुटुंबात स्वयंपाकातला शेवटचा शब्द माझा होता. दर रविवारी सगळे एकत्र जेवतो, एकदा आमच्याकडे, एकदा सासूबाईंकडे. सासूबाई चिमणीएवढं खातात. पण मी केलेलं असलं की दुसऱ्यांदा वाढून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "जावईबापूंच्या हाताला चव आहे." बायको तेव्हा माझ्याकडे एका विशिष्ट नजरेनं बघायची. त्या नजरेसाठी मी अकरा वर्षं कांदे चिरले आहेत.

मग एका रविवारी साडूनं जेवायला बोलावलं आणि ब्रसेल्स स्प्राउट्स केले. म्हणजे लिंबाएवढ्या कोब्या. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारख्या मऊ, वर मध आणि लाल तिखटाचा चकचकीत ग्लेझ. सासूबाईंनी तीनदा वाढून घेतलं. तीनदा! चौथ्यांदा डाव उचलला तेव्हा मला वाटलं, आता यांना डॉक्टरकडे न्यावं लागणार. पण त्यांनी घास तोंडाजवळ नेऊन म्हटलं, "जावईबापूंच्या हाताला चव आहे." आणि बघत होत्या त्या साडूकडे.

माझ्या पोटात जे दुखलं त्याचा कोबीशी संबंध नव्हता. समोर तर माझी बायको बोटं चाटत होती. अकरा वर्षांत मी केलेलं ती काट्याचमच्यानंच जेवली आहे. त्या दिवसापासून सासूबाईंच्या तोंडी 'जावईबापू' म्हणजे तो, आणि मी झालो नुसता 'मोठे'.

एवढ्यावर भागलं असतं तर गिळलं असतं. पण पुढच्या महिन्यात सासूबाईंची पंच्याहत्तरी आहे, चाळीस माणसं जेवायला. ते जेवण मी करणार हे मी सत्तरीलाच मनाशी ठरवून ठेवलं होतं. हात पुसता पुसता त्या म्हणाल्या की जेवण कुणी करायचं ते पुढच्या रविवारी मोठ्यांकडे जेवून झाल्यावर सांगेन. म्हणजे माझी परीक्षा! ज्या शाळेचा मी हेडमास्तर, तिथे मलाच बाकावर बसवलं.

निघताना साडू जिन्यापर्यंत आला. कृती लिहून देऊ का म्हणाला. मी म्हटलं, नको. ओव्हनसमोर माझी हयात गेली आहे.

"ते खरंच आहे दादा. फक्त एक करा, ग्लेझ जो आहे तो..."

"कोटिंग मला माहीत आहे," मी म्हटलं आणि तीन तीन पायऱ्या एकदम उतरलो.

शनिवारी भाजीवालीकडे गेलो. दोन किलो कोब्या मागितल्या, तर तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सांगायला लागली, की एक चष्मेवाले साहेब येतात, एकेक कोबी बोटांनी दाबून घेतात, आणि जाताना चौकशीसुद्धा करतात माझ्या गुडघ्यांची. मी तिच्या गुडघ्यांची चौकशी केली नाही. डोळे मिटून सगळं टोपलं रिकामं करायला सांगितलं.

रविवारी सकाळी बायकोला मी स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की माल स्वच्छ आणि कोरडा हवा. म्हणून कोब्या धुतल्या, पुसल्या आणि बायकोच्या केस वाळवायच्या मशीननं एकेक वाळवली. दुसरा नियम, माल टांगायचा. साडूनं त्या ट्रेमध्ये पसरल्या होत्या, त्यामुळे प्रत्येकीची एक बाजू चपटी झाली होती. चपटी बाजू म्हणजे कोटिंगवाल्याच्या लेखी रद्दी. मी कारखान्यातून तारेचे कोरे हुक आणले होते. ओव्हनमधल्या वरच्या जाळीला मी छत्तीस कोब्या टांगल्या. दार बंद केलं आणि काचेतून बघितलं. इतकं सुंदर दृश्य मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

तिसरा नियम तर जगजाहीर आहे. आधी कोट, मग भट्टी. मध, तिखट, लसूण, सोया सॉस आणि व्हिनेगर घोटून मी दाट ग्लेझ केला आणि टांगण्याआधीच ब्रशनं प्रत्येक कोबीला तीन हात दिले होते. दोन हातांमध्ये पंधरा पंधरा मिनिटं वाळवण. तिखट साडूपेक्षा दुप्पट घातलं, कारण मागे पडायचं नव्हतं. दोनशे डिग्रीवर काटा ठेवला आणि अंघोळ करून शर्ट बदलायला गेलो.

आता एक बारीक गोष्ट. आमची पावडर मालाला विजेनं चिकटते, ती कधी ओघळत नाही. मध ओघळतो. आणि घरच्या ओव्हनमध्ये तापणारी सळई तळाला असते. खाली ट्रे ठेवायचा असतो हे मला शर्टाचं तिसरं बटण लावताना कळलं.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. सासूबाई, मेहुणी आणि साडू आत आले, आणि त्यांच्या स्वागताला स्वयंपाकघरातून काळानिळा धूर आला. साधा धूर नव्हे. जळत्या मधात दुप्पट तिखट! पहिला ठसका सासूबाईंना लागला, दुसरा बायकोला, मग सगळ्यांनाच एकदम. बायकोनं आईचा हात धरला आणि सगळी मंडळी दार ओढून घेऊन जिन्यावर पळाली. मी मात्र ओल्या फडक्यानं नाक बांधून स्वयंपाकघरात गेलो. माल भट्टीत असताना कारागीर पळत नाही.

ओव्हन बंद केला आणि बसलो खाली फरशीवर, कारण धूर वर होता. आवाज पार बसला होता, घशातून हवासुद्धा फुटेना. आमच्या स्वयंपाकघराचा झरोका जिन्यावर उघडतो, त्यामुळे बाहेरचं सगळं ऐकू येत होतं, आणि फटीतून थोडं दिसतही होतं.

पावलांचा आवाज ऐकून खालच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर वर आले. निवृत्त आहेत, आणि त्यांना बारा महिने सर्दी असते, त्यामुळे वास कसला तो येतच नाही. त्यांनी बघितलं काय? चार माणसं दारात उभी, सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा, कुणाच्या तोंडून शब्द फुटत नाही. पोस्टमास्तरांनी टोपी काढली आणि खालच्या आवाजात विचारलं, "कोण?"

सासूबाईंनी घराकडे बोट दाखवलं आणि कशाबशा एवढंच म्हणाल्या, "मोठे. आत."

त्यांना सांगायचं होतं की मोठे अजून आत आहेत, त्यांना बाहेर काढा. पण पुढचं सगळं ठसक्यात गेलं. पोस्टमास्तरांनी मान खाली घातली. म्हणाले, परवाच जिन्यात भेटले होते, दिसत तर चांगले होते. बायको जोरजोरानं मान हलवून नाही नाही म्हणायला लागली, तर ते म्हणाले, मान्य करणं सुरुवातीला जडच जातं. मग मी कसा सरळमार्गी होतो, पाण्याची मोटर कधी चालू ठेवून गेलो नाही, असं बरंच काही चांगलं बोलले. खरं सांगतो, ऐकून मला बरं वाटत होतं. मिरची हवेत होतीच, त्यामुळे त्यांचेही डोळे भरून आले.

पण मग त्यांनी साडूच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता या घरातले मोठे तुम्हीच. स्वभाव गोड आहे तुमचा, तुम्ही सगळं सांभाळाल."

आणि साडूनं खोकत खोकत मान डोलावली! खोकल्यानं डोलली असेल, मला काय करायचंय? मला जाऊन तीन मिनिटं झाली नव्हती आणि माझी जागा त्याला मिळालीसुद्धा! स्वयंपाक गेला, जावईबापू गेलं, बायकोची बोटं गेली, उरलेलं मोठेपण तरी मेल्यावर घ्यायचं! मी तसाच उठलो, दार उघडलं आणि बाहेर गेलो. तोंडाला फडकं, भुवयांवर काजळी, आणि हातात हुकाला लटकलेली एक काळी कोबी.

"मी आहे अजून," मी म्हटलं. आवाज कबरीतून यावा तसा आला.

पोस्टमास्तर मागच्या मागे तीन पायऱ्या उतरले. उरलेल्या ते पुढे बघून उतरले.

मला जिन्यात बसवून साडू आत गेला. खिडक्या उघडल्या, हुकांवरून कोब्या उतरवल्या. थोड्या वेळानं मी दाराशी जाऊन बघितलं तर तो एकेक कोबीची जळकी पानं काढत होता. आतली कोबी शिजलेली होती, हिरवी होती. त्यानं प्रत्येकीचे दोन तुकडे केले, चपटी बाजू खाली ठेवून तापल्या तव्यावर कुरकुरीत भाजले, मध आणि तिखट वेगळं गरम केलं, आणि गॅस बंद केल्यावर वरून ओतून नुसते हलवले.

"ग्लेझ शेवटी घालायचा, दादा. आधी घातला की मध जळतो," तो हळूच म्हणाला, बाहेर कुणाला ऐकू जाणार नाही असा. एकदा तरी त्यानं हिणवलं असतं तर मी किती सुखानं जेवलो असतो.

जेवायला बसलो. मी एक तुकडा खाल्ला. उत्तम झाला होता, हेच दुखणं. सासूबाईंनी दोनदा वाढून घेतलं, पाणी प्यायल्या आणि पंच्याहत्तरीचा निकाल सांगायला घसा साफ केला. मी ताटाकडे बघत राहिलो.

"जेवण मोठेच करतील," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी मान वर केली. बायको हसत होती. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं, मी साडूकडे बघितलं, जरा मोठ्या मनानंच बघितलं. सासूबाई अजून बोलत होत्या.

"त्यांना नाही दिलं तर वर्षभर तोंड फुगवून बसतील. आणि माझ्या शेजारी त्या दिवशी जावईबापू बसतील. आल्यापासून बिचारा आपल्याला वाढतोच आहे, एक घास निवांत खाल्ला नाही त्यानं."

मी हो म्हटलं. आनंदानं म्हटलं, सगळ्यांसमोर. रात्रीची भांडी घासताना लक्षात आलं, की चाळीस पानं मलाच वाढायची आहेत, आणि सासूबाईंच्या पानानंतरचं पहिलं पान साडूचं आहे.