उताऱ्याबाहेरचा प्रश्न

मुलांना वाचनाची गोडी असावी, याबद्दल दुमत नाही. फक्त ती चाचणीच्या काळात असू नये. आणि चाचणीचा काळ साधारणपणे शाळा उघडल्यापासून शाळा सुटेपर्यंत असतो.

सदर शाळेत सहावी ते आठवीचे वर्ग भरतात. प्रमाणित वाचन चाचणीत ही शाळा सलग तीन वर्षं शेवटून पहिली आली. (शेवटून का होईना, पहिली, असं मुख्याध्यापिकाबाई एकदा म्हणाल्या. वरिष्ठ कार्यालय हसलं नाही.) तेव्हा एका सल्लागाराला पाचारण करण्यात आलं. त्याने दुपारच्या चहाच्या आतच रोगाचं निदान केलं : मुलं उतारा वाचतात.

"उतारा वाचायचा नसतो," तो शिक्षकांना म्हणाला. "प्रश्न वाचायचा. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा. त्याच्या शेजारी उत्तर असतं, ते उचलायचं आणि सुटायचं. वाचत बसलं की माणूस त्यात गुंततो."

भाषेच्या सरांनी ही पद्धत मन लावून राबवली. ग्रंथालयातली पुस्तकं माळ्यावर टाकून तिथे सराव कक्ष उघडण्यात आला. सरासरी एक्केचाळीसवरून अठ्ठ्याऐंशीवर गेली. एका विद्यार्थ्याने तर, छापायचाच राहून गेलेल्या उताऱ्यावरचे पाचही प्रश्न अचूक सोडवले. (त्याचा सत्कार झाला.)

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना सातवीत एक मुलगी निघाली. तिला सगळे 'पुढेकाय' म्हणत. वडील शिंपी, आई नाही, आणि घरात रोज कुणी ना कुणी मापं देता देता आपली कर्मकहाणी सांगत बसलेलं. त्यामुळे पोरीला ऐकण्याची वाईट सवय लागली होती.

त्या वर्षीच्या चाचणीत उतारा होता तो असा : एक म्हातारा घड्याळजी एके सकाळी दुकान उघडत नाही. भिंतीवरचं सगळ्यात जुनं घड्याळ उतरवतो, चादरीत गुंडाळतो, शेजारणीला "येतो गं" म्हणतो आणि बसमध्ये चढतो. उतारा समाप्त. घड्याळ कशात गुंडाळलं? चादरीत. पुढचा प्रश्न.

बाकीच्या मुलांनी पेपर हातावेगळा केला. पुढेकायने उतारा वाचला, पुन्हा वाचला आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसली. शाळेची सरासरी काही दशांशांनी घसरली आणि पहिला क्रमांक शेजारच्या शाळेने पळवला.

"वेळ पुरला नाही का तुला?" सरांनी विचारलं.

"पुरला. पण सर, तो गेला कुठे?"

"कोण?"

"घड्याळजी."

"ते विचारलेलं नाही, बाळ."

"पण तो म्हातारा आहे, सर. आणि घड्याळ जड असतं."

वडिलांना मुख्याध्यापिकाबाईंकडे बोलावण्यात आलं. गळ्यातली टेप तशीच ठेवून ते आले आणि त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. "चुकलंच तिचं, बाई. मी समजावतो." नमस्कार करून ते निघाले, दारापर्यंत गेले आणि वळले.

"पण गेला तरी कुठे तो?"

(व्याधी आनुवंशिक असल्याची नोंद करण्यात आली.)

ती संसर्गजन्यही निघाली. कारकुनांच्या मते घड्याळजी लेकीकडे गेला. खेळाचे सर म्हणाले, "लेक कसली! लेक असती तर शेजारणीला चार दिवस आधी ऐकवलं नसतं?" विज्ञानाच्या बाईंनी चष्मा काढून पुसला, मग डोळे पुसले. या गडबडीत दोन वर्गांवर कुणी गेलंच नाही. शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी शालेय वेळेत घड्याळजीविषयी बोलण्यास मनाई करणारी सूचना लावली.

पुढेकायवर उपचार सुरू झाले. शाळा सुटल्यावर सर तिला थांबवून घेत. उतारा पुठ्ठ्याने झाकायचा आणि सरांनी सांगितली तेवढीच ओळ उघडायची. सुरुवातीला ती पुठ्ठा हळूच खाली सरकवायची. सर तो शांतपणे वर सरकवायचे. असे कित्येक आठवडे गेले. मग एक दिवस तिने पुठ्ठ्याला हात लावला नाही. पुढल्या चाचणीत तिला शंभरपैकी शंभर मिळाले, शाळा पहिली आली आणि वडिलांनी शाळेच्या कार्यालयाला आनंदाने पडदे शिवून दिले.

निकालानंतर सरांना एक तास मोकळा सापडला. त्यांना काय वाटलं कोण जाणे, माळ्यावरून एक गोष्टीचं पुस्तक काढून ते वर्गाला वाचून दाखवू लागले. गोष्टीत पूर होता, पुरात होडी होती, होडीत दोन भावंडं होती. होडीला भोक पडलं आणि घंटा झाली.

मुलं दप्तरं भरू लागली. सरांनी पुढेकायकडे पाहिलं.

"काय गं, काही विचारायचं नाही?"

"चाचणीला आहे का हे, सर?"

"नाही."

"मग नाही," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

वर्ग रिकामा झाला तरी सर पुस्तकात बोट घालून तसेच उभे होते. (वरिष्ठ कार्यालयाने त्यांना त्याच महिन्यात आदर्श शिक्षक म्हणून गौरवलं.)

या शाळेचं नाव आम्ही मुद्दामच दिलेलं नाही. ही हकीकत आम्ही जिथे जिथे सांगितली, तिथे तिथे आपल्यासारख्याच संवेदनशील पालकांना गलबलून आलं. त्यांनी शिक्षणपद्धतीला मनापासून शिव्या दिल्या, पोरीसाठी उसासे टाकले आणि मग, जरा बाजूला घेऊन, आवाज खाली आणून विचारलं, "प्रवेश कधी सुरू होतात हो?"

आपणही विचारा. लाजू नका.