गद्रेकाकांचं निदान

शिकागोजवळच्या नेपरव्हिल गावातल्या आमच्या मराठी मंडळींत गद्रेकाकांसमोर शिंकायची कुणाची हिंमत नसे. शिंक आली, की काका डोळे बारीक करून विचारायचे, "कोण आहे ती?"

काका शिकागोतल्या एका कॉलेजात मध्ययुगीन इंग्रजी कविता शिकवायचे. त्या कवितांतले सरदार प्रेमात पडले की पिवळे पडत, जेवण टाकत, रात्रभर तळमळत, आणि ती बाई समोर आली की धाडकन बेशुद्ध! वर्षानुवर्षं हेच शिकवून काकांना जगातला प्रत्येक आजार प्रेमाचाच वाटे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्यानं राहत होतो. पहिल्याच हिवाळ्यात फ्लूनं आडवा झालो. काका खाली आले, माझं मनगट धरून बसले.

"रंग उडालाय. जेवला नाहीस. अंग कापतंय. नाव सांग."

"काका, फ्लू आहे."

"सगळे आधी असंच म्हणतात."

"अहो, आधी गोळी द्या त्याला, मग छळा," मऊ भाताची वाटी घेऊन जिना उतरत काकू म्हणाल्या.

एकदा तर वर्गात सरदाराची मूर्च्छा करून दाखवताना काका असे काही कोसळले, की मुलांनी अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. काकांनी उरलेलं लेक्चर स्ट्रेचरवर पडूनच पूर्ण केलं. "उठलो असतो तर सगळा इफेक्ट गेला असता यार," ते मला म्हणाले. त्यावर काकूंनी आठवडाभर अबोला धरला.

पुढच्या फेब्रुवारीत काकू ड्राइव्हवेवरच्या बर्फावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घालावं लागलं. एका सकाळी मी बर्फ काढायचं फावडं मागायला वर गेलो. काका कोट-टाय घालून किचनमध्ये उभे होते. पुढ्यात खुर्चीवर काकू. काकांच्या दातांत रबरबँड आणि हातात काकूंच्या पांढऱ्या होत आलेल्या केसांचे तीन पेड.

"काका, तुमची ट्रेन?"

"पुढची असते की," ते दातांतून पुटपुटले.

"वाकडी झाली का हो?" काकूंनी विचारलं.

काकांनी मान तिरकी करून पाहिलं. "जराशी."

"राहू द्या. घरातच तर बसायचंय मला."

काकूंनी डोळे मिटून घेतले. काकांनी वेणी सोडली आणि पहिल्यापासून घालायला घेतली.