अप्पांचं रक्त आणि अश्विनीची वही

"जेवणाचं मी बघते," असं अश्विनी म्हणाली, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

तसं बघायला फार काही नव्हतं. तिचे सासरे मच्छिंद्र अप्पा शेवगावच्या बाजारात मापाडी. तीस वर्षं कापसाची ओझी काट्याला लावून लावून शेवटी पोटाने राजीनामा दिला होता. हर्निया. नगरच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, रक्त तपासलं आणि तारीख परत घेतली. हिमोग्लोबिन नऊ. लोहाच्या गोळ्या लिहून देत ते म्हणाले, "दहाच्या वर न्या, खाण्यापिण्याकडे लक्ष द्या, महिनाभराने या." कापूस यायला तीन महिने होते. तोवर ऑपरेशन आणि विश्रांती उरकली नाही, तर अप्पांच्या काट्यापाशी दुसरं कोणीतरी उभं राहणार. आणि बाजारात एकदा उभा राहिलेला माणूस हलत नाही, हे अप्पांइतकं कोणाला माहीत?

अश्विनी बीएस्सी, विषय अन्नशास्त्र. लग्नाला आठ महिने झाले होते, पण त्या पदवीचा घरात उपयोग असा अजून झाला नव्हता. (एकदा दूध नासलं तेव्हा ते का नासलं, हे तिने सांगितलं होतं. दूध नासलेलंच राहिलं.) त्यामुळे तिने कॉलेजची वही काढली आणि फ्रिजवर अप्पांच्या नावाचा एक कागद चिकटवला.

कागदाप्रमाणे टोमॅटो तेलात शिजवूनच खायचा, कारण त्यातलं लाल सत्त्व शिजल्यावर जास्त अंगी लागतं. लसूण ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवायची, मग फोडणीत. भाजी आधी धुवायची, मग चिरायची. गाजराला तेलातुपाचा हात लावल्याशिवाय त्याने पोटात जायचं नाही. आणि सगळ्यांत ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून : जेवणानंतर दीड तास चहा बंद. चहा जेवणातलं लोह धरून ठेवतो आणि अंगाला लागू देत नाही.

सासूबाई, म्हणजे साळूबाई, कमरेवर हात ठेवून कागदासमोर उभ्या राहिल्या. त्यांना वाचायला चष्मा लागायचा, मत द्यायला लागायचा नाही.

"लसनीनं दहा मिनिटं काय करायचं म्हनली?"

"काही नाही आई, नुसतं थांबायचं."

"आन् तवर मी?"

"तुम्हीपण."

साळूबाई थांबल्या. कढईतलं तेल मात्र थांबलं नाही. पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात इतका धूर झाला की शेजारचे गनीभाई बादली घेऊन आले.

खरी पंचाईत चहाची झाली. साळूबाईंचा हात चाळीस वर्षांचा. जेवणं उरकली की पातेल्यात चार कप पाणी आपसूक पडायचं. अप्पा आणि अमृत, म्हणजे अश्विनीचा नवरा, कागदाकडे बघून मान हलवायचे आणि उठायचे. साळूबाई आपला पिऊन मोकळ्या व्हायच्या. उरायचे तीन कप.

"आई, कमी टाका ना."

"हाताला सवय हाय गं. आन् केलेला च्या मोरीत वतू नये. लक्षुमी असती."

मग लक्ष्मीचा मान अश्विनी राखायची. सगळ्यांचं आवरून ती ओट्यापाशी उभ्याने भाकरी खायची, आणि त्या भाकरीबरोबरच ते तीन कप संपवायची. दोन्ही वेळा. तसाही तिला त्याचा आधार वाटे, कारण हल्ली ती फार दमायची. गच्चीवर कपडे वाळत घालायला निघाली की तिसऱ्या पायरीवर बसायची. केस विंचरताना हात दुखायचे. कोणी मागून हाक मारली तरी छातीत धडधडायचं. (ते पूर्वीही व्हायचं. आता हाक मारली नाही तरी व्हायचं.) जबाबदारीचं ओझं, दुसरं काय, असं तिने ठरवून टाकलं होतं.

तपासणीला आठवडा उरला तसा तिचा धीर सुटला. बीट वाढवायला हवं. पण कच्चं की शिजवलेलं? शिजवलं तर काही सत्त्वं पाण्यात जातात, कच्चं दिलं तर सगळं पचेलच असं नाही. वही दोन्ही बाजूंनी बोलत होती. बराच वेळ विचार करून अश्विनीने दोन्ही बाजूंचं ऐकलं. सकाळी बीट किसून लिंबू पिळून, दुपारी बीट उकडून, रात्री बिटाचं थालीपीठ, आणि बीट उकडल्यावर उरलेलं पाणी फुकट जायला नको म्हणून चारच्या सुमारास ते पेल्यात.

अप्पा निमूट खायचे. फक्त एकदा पेला हातात तोलून म्हणाले, "अडीचशे ग्राम भरतंय. रोजचं किलोभर बीट जातंय पोटात. एवढं तर आमच्या बैलानं बी खाल्लं न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी अप्पा मोरीतून बाहेर आले ते गप्पच. चटणी मागितली नाही, पेपर मागितला नाही. मग अमृतला जवळ बसवून शांतपणे सांगू लागले, "माझा हातकाटा बाजारातल्या छगनला दे. तुला धरता यायचा न्हाई. आन् आईला बोलत जाऊ नकोस."

अमृत घाबरून आईकडे गेला. साळूबाईंनी अप्पांना कोपऱ्यात घेऊन विचारलं आणि पदर तोंडाला लावून सुनेकडे आल्या.

"ह्यांना... खालून... रगत जातंय."

अश्विनीच्या हातातली परात पडली. तिचा आवाज विरायच्या आत ती गनीभाईंच्या दारात होती. पाच मिनिटांत गनीभाईंची इको गाडी नगरच्या रस्त्याला लागली. पुढे अप्पा, मागे तिघं. साळूबाईंनी देवांची नावं घ्यायला सुरुवात केली. गनीभाई आरशातून बघत म्हणाले, "भाभी, घेताय तर सगळ्यांची घ्या. पुढं रस्ता खराब आहे."

अश्विनी मांडीवर वही आवळून बसली होती. महिन्याभरात जमवलेलं सगळं रक्त असं वाहून चाललं होतं, आणि तेही तिच्या हाताखाली.

डॉक्टरांनी अप्पांना तपासलं. मग विचारलं, "काल काय काय खाल्लं?"

अश्विनीने वही उघडून वाचलं. वाचता वाचताच तिचा आवाज बारीक होत गेला.

"सकाळी... बीट. दुपारी बीट. चार वाजता बिटाचं पाणी. रात्री बीट..."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "ताई, बीट लाल असतं."

अश्विनीने वही मिटली.

"काही जणांच्या पोटात तो रंग पूर्ण मोडत नाही, तसाच बाहेर पडतो. अंगात लोह कमी असेल तर जास्तच. घाबरायचं काही नाही. तरी लघवी तपासू, आणि आलाच आहात तर रक्तही."

अप्पांनी अमृतकडे बघितलं. "छगनला फोन केलास का रं?"

"केला."

"मग आता परत कर."

सिस्टरने अप्पांच्या दंडाला पट्टा बांधला, सुई काढली, आणि सुई बघून अश्विनी खाली बसली. बसली म्हणजे भिंतीवरून घसरत गेली. सिस्टरने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, "अगंबाई" म्हणाली आणि तिच्याही दंडाला पट्टा बांधला.

तासाभराने दोन कागद आले. अप्पांच्या लघवीत रक्ताचा थेंब नव्हता. हिमोग्लोबिन अकरा पॉइंट दोन. ऑपरेशन येत्या सोमवारी. साळूबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले. अश्विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. शास्त्र खरं निघालं होतं.

"आणि हे सूनबाईंचं," डॉक्टर म्हणाले. "सात पॉइंट आठ. आधीपासूनच कमी असणार. त्यात चहा किती पिता?"

अश्विनी वहीची पानं उलटू लागली. साळूबाई बोलल्या.

"सा कप. जेवता जेवताच. आमा सगळ्यांच्या वाटनीचा."

शास्त्र दोन्हीकडून खरं निघालं होतं.

ऑपरेशन नीट झालं. हंगामाला अजून दोन महिने होते, आणि तोवर अप्पा घरीच पट्टा बांधून पडून, नजर स्वयंपाकघरावर. फ्रिजवरचा कागद तोच, वरचं नाव मात्र बदललं होतं. अश्विनीला आता सगळे ताटावर बसवून वाढायचे. जेवण झालं की तिच्या वाटणीचा कप अप्पांच्या खाटेपाशी जायचा.

"अप्पा, तुम्हालाही दीड तास..."

"मी तासाभरापूर्वी जेवलोय. राहिलेल्या अर्ध्या तासात गार करतो." असं म्हणून ते बशीत ओतायचे आणि लगेच फुंकायला लागायचे. "वतून द्यायचा न्हाई, लक्षुमी असती."

साळूबाईंनी सुनेसाठी बीट सुरू केलं. कच्चं की शिजवलेलं, या भानगडीत त्या पडल्या नाहीत. दोन्ही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मोरीचं दार धाडकन उघडलं. अश्विनी पांढरीफटक होऊन चौकटीला धरून उभी होती.

"अहो... गनीभाईंना गाडी काढायला सांगा."

अमृतने मोबाईलवरून मान वर केली नाही.

"बीट लाल असतं," तो म्हणाला.