भरताच्या मिरचीनें कोरडी टाकी फत्ते जाहली, तें वर्तमान

वाचणार मंडळींचा हुकूम जाहला जे, सरकारी खजिन्याच्या खर्चाची तपासणी खानदेश सुभ्यांत कैसी घडली तें साद्यंत लिहावें. ऐशियास आम्हीं त्या पंगतीस जातीनें हजर होतों, सबब खोटें लिहिणार नाहीं. कागदास तेल लागलें असल्यास माफी असावी.

धरणगावानजीक एका गावीं सरकारांतून पाण्याची टाकी बांधिली, रंग दिधला, नारळ फुटला, आणि खर्च पुरा दाखविला. मात्र विहिरीपासून टाकीपावेतों पाइप घालावयाचाच राहिला. गावच्या पुष्पाबाई रोज त्या कोरड्या टाकीखालून शेतांतल्या विहिरीवर हंडे वाहत, आणि त्यांस मानेचें दुखणें जडलें. इतक्यांत खबर आली जे, विधिमंडळाची खर्च तपासणारी समिती, प्रमुख आमदार वृषालीताईसाहेब, धुळियाहून कूच करून येत आहेत.

मग ज्यांचे सहीनें टाकी पुरी जाहली होती ते उपअभियंता धनसिंगराव यांनीं मसलत केली जे, हिवाळा आहे, पाहुण्यांस मळ्यांत भरीत खिलवावें, पोटें जड करावीं, आणि टाकी मोटारींतूनच दाखवून रवाना करावें. मसलत उत्तम! परंतु पाहुण्यापुढें फिकें भरीत ठेवणें म्हणजे खानदेशी मनुष्याचें नाक कापलें जाणें. सबब रांधणाऱ्या पुष्पाबाईंस त्यांनींच फर्मावलें जे, मिरचीस हात आखडूं नये. बाईंनीं हुकूम तामील केला, अंमळ ज्यास्तच केला.

कपाशीच्या काड्यांवर वांगीं भाजलीं, कळण्याच्या पुऱ्या आल्या, आणि पहिल्या घासासच समितीची फळी फुटली. बाटलीबंद पाण्याची कुल शिबंदी घटकेंत कामास आली, आणि ऐन समयीं घाम पुसतां ताईसाहेबांनीं भरताचा हात डोळ्यास लाविला. मग काय पुसतां! ताईसाहेब उठून मळ्याच्या बांधापलीकडे दिसणाऱ्या त्याच टाकीच्या तोटीवर धांवल्या, मागें समिती, आणि त्यामागें "ताई, तिकडे नको" ऐसें ओरडत धनसिंगराव. तोटी फिरविली. आंतून एक पाल निघाली.

पुष्पाबाईंनीं ताईसाहेबांचा डोळा पदरानें पुसला आणि म्हणाल्या, "ताई, टाकी शे, तोटी शे, बठ्ठं शे. फक्त पानीच नही शे."

ताईसाहेबांनीं उरल्या डोळ्यानें धनसिंगरावांकडे पाहिलें. कोणी विहिरीचें पाणी आणिलें, तें ताईसाहेबांनीं परत धाडिलें, आणि फर्मान काढिलें जे, याच तोटीच्या पाण्यानें हात धुवूं, तोंवर समिती येथून हलणार नाहीं.

मग धनसिंगराव ठेकेदारावर कडाडले, बांधावर पडलेले पाइप उचलविले, जेसीबी नामें पिवळा हत्ती चर खणता जाहला, आणि दिवस मावळतां तोटी खोकली, तांबडें पाणी थुंकली, मग निर्मळ धार लागली. आमच्याही डोळ्यांस पाणी आलें, तें मिरचीचें नव्हे.

ताईसाहेब हात पुढें करिती, तों पुष्पाबाईंनीं हंडा मध्यें घातला. "लाईन शे, ताई."

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. गावच्या बायकांनीं हंडे भरिले, त्यांमागें राज्याचे आमदार मिरचीचे हात वर धरून रांगेंत उभे राहिले, आणि सर्वांत शेवटीं धनसिंगराव. इतकें लिहून आम्हींही त्यांचे मागें जाऊन उभे राहिलों.